उठायचं औषध

३ सप्टेंबर

धाकटे,

माझं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं तू हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळ्यांदेखत सांगितलंस. माझ्या अक्षराबद्दल काही बोलली नाहीस, म्हणून लिहितोय. वाचायचं नसेल तर उशीखाली सरकव. तिथल्या उशा नावालाच उशा आहेत, मी दाबून पाहिल्यात. कागदांनी तेवढीच उंच होईल.

तुझी मुंगी माझ्याकडे आहे. मी तिला पळवलेली नाही. बालकल्याण ऑफिसातल्या बाईंनी सह्यांवर सह्या घेऊन ती माझ्या हवाली केली, तीही तू बरी होईपर्यंत. मुलीचं दुसरं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाप आहे, पण कुठे आहे ते विचारू नका. आमचे मेहुणेबुवा परदेशी नोकरीला गेले तेव्हा रोज फोन यायचा, मग आठवड्याने, मग नंबरच लागेना. हे तुला नव्याने सांगायला नको.

त्या दिवशीचं तुला काही आठवत नसेल, असं डॉक्टर म्हणाले. मग तुला वाटणारच की दादा आला आणि पोर उचलून घेऊन गेला. म्हणून जे मला कळलंय ते सांगतो.

तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मुंगी एकटी गेली. काउंटरच्या वर तिचं नुसतं कपाळ दिसत होतं. म्हणाली, "उठायचं औषध द्या." दुकानदाराला वाटलं पोर खेळतंय. "कुणाला उठायचंय?" तर म्हणाली, "आईला. झोपायचं औषध असतं ना, तसं उठायचं पण असेल. मोठ्या माणसाचं द्या." कधीपासून उठली नाही, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, "आमचं बाळ जन्मतानाच गेलं ना, तेव्हापासून. आधी थोडं थोडं उठायची. आता पाणी पण पीत नाही."

त्या भल्या माणसाने शटर ओढलं आणि तिचा हात धरून तुमच्या घरी आला. बाकीचं त्याने मला फोनवर सांगितलं ते मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की तुझ्या अंगावर दोन्ही पांघरुणं होती, मुंगीचंसुद्धा. उशाशी पाण्याचा पेला होता आणि पेल्यावर बशी झाकलेली होती. तुझ्या मुलीने झाकली होती.

माझा नंबर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून तुझ्या अक्षरात लिहिलेला होता. फोन आला तेव्हा मी दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याच्या पोटात हात घालून बसलो होतो. तसाच निघालो.

ती बरी आहे. जेवते. तुझी आठवण काढते. तू लवकर बरी हो.

तुझा दादा


२२ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही, आणि मी धरलंही नव्हतं. तुझ्या वॉर्डातली सिस्टर म्हणाली, पत्र घेतलं पण फोडलं नाही. हेही घे.

घरात लहान मूल म्हणजे काय, हे मला या वयात कळतंय. माझा संसार तुला माहीत आहे, खाली दुकान आणि वर एक खोली. खोलीत खाट एकच होती. तिच्यासाठी दुकानातल्या फोमची गादी शिवली, कडेला दोरी घातलेली, अगदी गिऱ्हाइकाला देतात तशी. तिने हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ही कुणाची?" तुझी म्हटलं, तर अंग चोरून अगदी कडेला झोपली. अजून कडेलाच झोपते. एवढी ऐसपैस गादी मोकळी पडलेली असते.

स्वयंपाकाचं म्हणशील तर माझी मजल भात आणि उकडलेलं अंडं इथवर होती. वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, निवृत्त बसकंडक्टर. आवाज असा की पार मागच्या सीटपर्यंत जावा. त्या पहिल्याच दिवशी जिन्यातून म्हणाल्या, "अहो गादीवाले, पोरीला फोम खायला घालताय की काय?" तेव्हापासून एक वेळचं जेवण त्यांच्याकडून येतं. तुझ्या मुलीला काय आवडतं, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. तिलाच विचारलं तर म्हणाली, "काहीही चालतं." दूध की चहा? काहीही चालतं. लाल फ्रॉक की निळा? काहीही. सहा वर्षांच्या मुलीला काहीही चालत असेल, तर नेमकं काय बिघडलंय, असा मी डॉक्टरांना वेड्यासारखा प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत.

वजन कमी आहे, पण भरून येईल म्हणतात. दोन दाढा किडल्यात. शाळेत तिचं नाव होतं पण उन्हाळ्यानंतर ती गेलीच नव्हती. शाळेने चिठ्ठ्या पाठवल्या म्हणे. कुणाला पाठवल्या आणि कुणी वाचल्या, देव जाणे.

गादीच्या अभ्र्यात पाव सापडला, शिळा, दगड झालेला. मी काही बोललो नाही. तिथेच राहू दिला आणि शेजारी ताजा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही नव्हते. तेव्हापासून तिच्यासाठी एक डबा ठेवलाय, तिचा स्वतःचा, झाकणावर मुंगी काढलेली. माझी चित्रकला तुला माहीत आहे. काकू म्हणाल्या, झुरळ छान आलंय.

आणि एक गोष्ट. दुकान बंद करून वर आलो की ती रोज विचारते, "मामा, तू उद्या उठणार आहेस ना?"

मी रोज हो म्हणतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मात्र मला नळ सोडून तोंड धुवायला जावं लागलं.

दादा


१५ ऑक्टोबर

धाकटे,

दर शनिवारी दुपारी मला बालकल्याण ऑफिसात जावं लागतं. दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्यांची किंवा आपलं मूल परत मिळण्याची वाट पाहणाऱ्यांची तिथे बैठक असते. मुंगी तोवर काकूंकडे थांबते. मी आधी नाक मुरडलं. म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणारे असतील. आपण जाऊन बसावं, चहा प्यावा, यावं.

समुपदेशक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, नेहमी दमलेल्या दिसतात. त्यांनी विचारलं, "मुलाचे हाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?" सगळ्यांनी एकच सांगितलं, मारझोड. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे मार खाल्लेली मुलं येतात, पण ती थोडी. सगळ्यांत जास्त येतात ती, ज्यांना कुणी बोटही लावलेलं नाही. ज्यांच्याकडे कुणी पाहिलेलंच नाही. जेवलं का, आंघोळ झाली का, ताप आहे का, रात्री घरात मोठं माणूस आहे का, हे कुणी पाहिलेलं नाही. अंगावर वळ दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यांना कळत नाही. आणि आमच्यापर्यंत येतात त्याहून कितीतरी जास्त मुलं तशीच, दाराआड."

माझ्या शेजारी एक ट्रकचालक बसतो. बायको पिते, हा गाडीवर, तीन पोरं संस्थेत. तो म्हणाला, "बाई, तसली माणसं वाईटच असणार." स्वतःच्याच घराबद्दल बोलत होता बिचारा.

बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, वाईट माणसं मला मोजकीच भेटली. दमलेली फार भेटली."

मग त्यांनी सांगितलं की असं कुठल्या घरात होण्याचा धोका जास्त असतो. आई एकटी असते. नवरा नसतो, किंवा असून नसल्यासारखा. बाळंतपणानंतर मन खचतं, त्यात मूल गेलं असलं तर विचारूच नका. व्यसन असतं, काम सुटलेलं असतं, घरात ओढाताण असते. गाव नवं असतं, दार वाजवणारं कुणी नसतं. त्या म्हणाल्या, "यातलं एखादं तर पुष्कळ घरांत असतं, आणि बहुतेक आया त्यातूनही पोरं नीट वाढवतात. पण एकावर एक येत गेलं आणि मधे कुणीच हात दिला नाही, की माणूस खाली बसतं. त्याच्याबरोबर मूलही."

मी ऐकत होतो आणि प्रत्येक वाक्याला तुझं घर दिसत होतं. बाईंनी तुझं नाव घेतलं नाही एवढंच.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि एक. आईबापांकडेसुद्धा लहानपणी कुणी पाहिलेलं नसतं. पण त्यांना ते माहीत नसतं. त्यांना वाटतं, सगळ्यांकडे असंच असतं."



धाकटे, आपली आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आठवतं? "आई पडलीये" असं आपण किती सहज म्हणायचो. कुणी हाक मारायला आलं की दारातूनच, "आई पडलीये, मग या." बाबा दोन-दोन पाळ्या करून येत आणि तेही झोपत. आपण पिठात साखर कालवून खायचो आणि आपल्याला वाटायचं, काय मजा आहे. आणि तो आपला खेळ, अळीमिळी गुपचिळी, जो आधी बोलेल तो हरला. आपण तासन्‌तास खेळायचो. तू तेव्हा चार वर्षांची असशील. कधी हरली नाहीस. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, आमची धाकटी गप्प बसण्यात पटाईत आहे.

त्या बैठकीत मला पहिल्यांदा वाटलं, की तो खेळ नव्हता.

तुला कधी वाटलं होतं का गं असं? की तूही त्यालाच बालपण समजलीस?

दादा


७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझी चिठ्ठी आली. सिस्टरने स्वतःच्या पाकिटात घालून पाठवली. एकच ओळ. "तिचे केस कापू नकोस."

मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही, हसशील.

पण आता खरं सांगावं लागेल. केस पहिल्याच दिवशी कापले गेले. मी नाही, हॉस्पिटलातल्या नर्सने. गुंता इतका झाला होता की कंगवा शिरेना आणि खाली टाळूला जखमा होत्या. कापताना मुंगीने कुरकूर केली नाही. फक्त म्हणाली, "थोडे ठेवा, आई वेणी घालते." आता कानापर्यंत आलेत. दाट येताहेत, तुझ्यासारखे. यापुढे कात्री लावणार नाही. शब्द.

खरं सांगायला बसलोच आहे तर आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ती तुझी आठवण काढते. ते मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. ती तुझं नाव काढत नाही. वेणीचं बोलली ती तेवढीच. मी विषय काढला की डबा उघडून बसते नाहीतर दुकानात खिळे वेचायला जाते. समुपदेशक बाई म्हणतात, आठवण येत नाही असं समजू नका, ज्याची फार भीती वाटते ते मूल तोंडावर आणत नाही. मला त्यांचं पटतं. तुलाही पटावं, म्हणून लिहिलं.

तू चालतेस-फिरतेस, जेवतेस, असं डॉक्टरांकडून कळलं. पुढच्या महिन्यात तुला पुनर्वसन केंद्रात हलवणार आहेत आणि तिथे आम्हाला भेटता येईल. तुझी ना असेल तर तसं कळव. काही कळवलं नाहीस तर मी होकार समजेन. तुझं मौन वाचायची मला लहानपणापासून सवय आहे.

दादा


१३ डिसेंबर

धाकटे,

गेल्या आठवड्यात तू केंद्राच्या अंगणातल्या बाकावरून उठून आत निघून गेलीस आणि परत आली नाहीस. आम्ही बराच वेळ थांबलो होतो. तुला बोल लावायला लिहीत नाही. तू पाठ फिरवल्यामुळे जे तुला दिसलं नाही तेवढंच लिहितो.

तू तयारी करून आली होतीस हे मला दिसलं. साडीला इस्त्री होती. हातात बिस्किटांचा पुडा होता आणि त्याचा कागद तुझ्या मुठीत भिजून गेला होता. तुला वाटलं असेल, पोर धावत येईल. मलाही तसंच वाटलं होतं. सगळ्या वाटेत मी तिला बजावत होतो, आईला मिठी मार हं.

ती धावली नाही. तुझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं, परवा डॉक्टरांनी तिला पाहिलं होतं तसं. मग म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

तू हो म्हणालीस.

"पाणी प्यायलीस?"

तू पुन्हा हो म्हणालीस.

मग तिने बाकावरची पानं हाताने झटकली आणि म्हणाली, "तुला झोप आली तर इथे झोप. मी बसते. मी आवाज नाही करणार."

तू पुडा पुढे केलास. तिने एक बिस्किट घेतलं, मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं खिशात टाकलं. आणि तू उठलीस.

तू गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, ती दमली. मी जास्त बोलले." मी म्हटलं, तू काही जास्त बोलली नाहीस, राणी. तिने मान हलवली, लहान मुलांना समजत नाही म्हणून मोठी माणसं हलवतात तशी.

परतीच्या बसमध्ये तिला उलटी झाली. नंतर दोन-तीन दिवस ती बोललीच नाही. जेवायला बस म्हटलं की बसायची, झोप म्हटलं की झोपायची. काकू वरून येऊन त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "काय गं, तिकीट संपलं का बोलण्याचं?" आधी या विनोदाला ती हसायची. आता काकूच रडायला लागल्या.

तू का उठलीस ते मला कळलंय असं मला वाटतं. आपली आईसुद्धा एकदा बरी झाली होती, आठवतं? साडी नेसून दारात उभी राहिली होती. आणि तू पळत जाऊन तिच्यासाठी खुर्ची आणलीस. पाय दुखतील तुझे, म्हणालीस. तिचा चेहरा तेव्हा असाच झाला होता.

पुन्हा ये. बसायला जमलं नाही तर उभी राहा. उभं राहायला जमलं नाही तर खिडकीतून हात कर. पण ये.

दादा


२० जानेवारी

धाकटे,

तुला लॉन्ड्रीत काम मिळालं आणि राहायला खोलीही, हे समुपदेशक बाईंकडून कळलं. डॉक्टरांनी चांगलं लिहून दिलंय म्हणे. फार बरं वाटलं. चादरींना घड्या घालण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. लहानपणी माझ्याही अंथरुणाच्या तूच घालायचीस.

त्यानंतरच्या भेटी ठीक झाल्या, नाही का? गेल्या वेळी तुम्ही दोघी शेवटपर्यंत बाकावर होता. वेणी घालण्याइतके केस नव्हते, तरी तू तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिलीस आणि तिने डोळे मिटले. मी लांब झाडाखाली उभा राहून पाहत होतो. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

आता फेब्रुवारीत बालकल्याण समिती बसेल. मुंगी तुझ्याकडे परत जायची की माझ्याकडेच कायमची राहायची, हे ठरेल. मला बाईंनी बोलावून विचारलं, तुम्ही पालकत्व मागणार का? मी म्हटलं, तिची आई बरी झाली आहे, मी कशाला मागू?

असं म्हणालो आणि घरी येऊन एका खुर्चीचं सगळं कापड उलटं शिवलं. गिऱ्हाईक आ वासून पाहत राहिलं.

तू माझी बहीण आहेस, तुझ्याशी काय लपवायचं. मला ती हवी आहे. सकाळी दुकान उघडताना तिची चप्पल पायरीवर नसेल, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. सोफ्याच्या फटीत सापडलेलं ती माझ्यासमोर मांडते, पेनांची टोपणं, केसांचे आकडे, बाहुलीचा एक हात, आणि प्रत्येकाची गोष्ट सांगते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाली, "मला निळा नको, लाल पाहिजे." मी दुकान सोडून लाल फ्रॉक आणायला पळालो. वेड्यासारखा.

पण मी आडवा येणार नाही. तू माग, मी तुझ्या बाजूने बोलेन. आठवड्यातून दोनदा येऊन दार वाजवीन. तू उघडलं नाहीस तर काकूंना घेऊन येईन, मग साऱ्या गल्लीची दारं उघडतील.

दादा


१४ फेब्रुवारी

धाकटे,

समितीपुढे तू जे बोललीस ते मला अजून खरं वाटत नाही.

मी तुझ्या बाजूने बोलायचं पाठ करून आलो होतो. अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, मुलीला घरी न्यायला तयार आहात ना? आणि तू म्हणालीस, "ती माझ्याजवळ असली की माझी आई होते. ती दादाजवळ मूल होते. तिला तिथेच राहू द्या." बाईंनी विचारलं, कायमचं? तू मानेनेच हो म्हणालीस. मग दाराकडे गेलीस. मी जिन्यात हाका मारल्या. तू वळली नाहीस.

मला जे हवं होतं ते मिळालं, धाकटे. आणि पायरीवरच्या तिच्या चपलेकडे बघवत नाही.

तिला मी सांगितलं. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या तसं, सोप्या शब्दांत, खोटं न मिसळता. आई बरी आहे. ती काम करते. ती तुला दर रविवारी भेटेल. तू माझ्याकडे राहशील. आईनेच तसं ठरवलं, तुझ्यासाठी.

तिने ऐकून घेतलं. नेहमीप्रमाणे "बरं" म्हणेल असं मला वाटलं. ती उठली आणि तिने खिळ्यांचा डबा उचलून भिंतीवर मारला. मग सुतळीचं बंडल. मग कातडं मोजायची पट्टी. मी धरायला गेलो तर माझ्या हाताला चावली, दात उमटलेत. आणि ओरडली. पहिल्यांदा तिचा आवाज एवढा मोठा ऐकला. "मला आई पाहिजे. मला तू नको. मला आई पाहिजे." गिऱ्हाईक उभं होतं, ते हळूच निघून गेलं. काकू धावत खाली आल्या आणि दारातच थांबल्या. मला खुणेने म्हणाल्या, ओरडू द्या.

हे तुला सांगायलाच हवं होतं. ती मागायला लागली आहे. आणि ओरडून पहिलं मागितलं ते तुलाच.

रडून रडून दमल्यावर ती माझ्या मांडीवर आली. आम्ही दोघं जमिनीवर, चहूकडे खिळे. तेव्हा तिने विचारलं,

"आई आता रोज स्वतः उठते?"

मी म्हटलं, हो.

"कुणी न उठवता?"

"हो. पहाटे उठून कामाला जाते."

तिने जमिनीवरचा एक खिळा उचलला. मग म्हणाली, "मी तिथे होते तेव्हा नाही उठली. मी इकडे आल्यावर उठली." आणि मग, अगदी हळू, "म्हणजे माझ्यामुळेच उठत नव्हती."

मी नाही म्हटलं. दहा प्रकारे नाही म्हटलं. बाळाचं सांगितलं, आजाराचं सांगितलं, डॉक्टरांच्या गोळ्यांचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की मामा चांगला आहे म्हणून असं बोलतोय. माझ्या "नाही"ला तिच्या लेखी काही किंमत नाही, धाकटे. मी तिथे नव्हतो. त्या खोलीत तुम्ही दोघीच होता.

रविवारी ये. खाऊ आणू नकोस, काही आणू नकोस. तिला समोर बसव आणि तिच्यामुळे नव्हतं, हे एवढंच तुझ्या तोंडाने सांग. नीट सांगता आलं नाही तरी चालेल. रडलीस तरी चालेल. एकदा सांगून तिला पटणार नाही, दर रविवारी सांगावं लागेल, कदाचित ती मोठी होईपर्यंत.

तुझ्या-माझ्या आईने आपल्याला हे कधीच सांगितलं नाही. मी अजून ते ऐकायची वाट पाहतोय, आणि माझे केस पांढरे झालेत.

मी दार उघडं ठेवतो.

तुझा
दादा